रिसीव्हर वाचवणारा डबा घेतला आणि रिसीव्हरच जळाला

दोन डब्यांपायी माझे १४,५०० रुपये गेले, आणि ज्याच्या संरक्षणासाठी त्यातला एक घेतला तो रेडिओ रिसीव्हरही जळाला. गेल्या महिन्यात इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी भेटला. मला डबे विकणाऱ्या माणसानेच त्यालाही तो संरक्षणाचा डबा विकला होता. पोराने मेसचे पैसे वाचवून घेतला होता तो. त्याचं ऐकल्यावर गप्प बसवेना, म्हणून सगळं लिहून काढतोय. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण उद्या तो दुसऱ्या नावाने येईल. वस्तू ओळखता आली तर नावाची गरज पडणार नाही.

मी हडपसरला राहतो, गाडीतळापासून चालत दहा मिनिटांवर. पस्तीस वर्षं भोसरीत कारखान्याच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला काढली. निवृत्तीनंतर परीक्षा देऊन हॅम रेडिओचं, म्हणजे छंद म्हणून वायरलेसवर बोलण्याचं, जनरल ग्रेडचं लायसन्स घेतलं. ट्रान्समिटर १०० वॉटचा आहे आणि सोसायटीच्या गच्चीवर ८० मीटरच्या पट्ट्यासाठी इन्व्हर्टेड व्ही डायपोल, म्हणजे उलट्या व्हीसारखी तारेची अँटेना, ताणलाय. ऐकण्यासाठी वेगळा एसडीआर रिसीव्हर (संगणकाच्या स्क्रीनवर चालणारा) घेतला होता, त्याला तांब्याच्या नळीचा एक मीटर व्यासाचा लूप, म्हणजे गोल अँटेना. दोन अँटेनांमध्ये अंतर बारा मीटर. शहरात याहून जास्त जागा मिळत नाही.

अडचणी दोन होत्या. ८० आणि १६० मीटरवर (रेडिओचे पट्टे लहरींच्या लांबीवरून ओळखतात) सतत खरखर, त्यात लांबची स्टेशनं बुडून जायची. आणि दुसरी म्हणजे धास्ती: इकडे मी पीटीटी, म्हणजे बोलण्याची कळ, दाबली की शेजारच्या लूपमधून केवढी ताकद रिसीव्हरमध्ये घुसत असेल? लो बँडचा, म्हणजे या खालच्या पट्ट्यांचा, खरा हंगाम दिवाळीनंतरचा. रात्री मोठ्या असतात, विजांचा कडकडाट नसतो. तेव्हाच हा माणूस ओळखीतून ओळख काढत आला.

वय पस्तीसच्या आसपास, बोलणं अतिशय अदबीचं. दाराशी बूट काढले, चहा घेतला, जुन्याजाणत्या हॅम लोकांचे कॉल साइन (हवेवरची ओळख) तोंडपाठ. "काका, तुमचं लोकेशनच अवघड आहे. आकाशवाणीचा टॉवर डोक्यावर आहे तुमच्या," असं म्हणाला, आणि ते खरंही होतं. पुणे आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झचं, १०० किलोवॉटचं प्रक्षेपण हडपसरहूनच होतं. माणूस एक गोष्ट खरी सांगतो तेव्हा पुढच्या चार आपण तपासत नाही. माझं तेच झालं.

दोन डबे होते. एक 'लो बँड बूस्टर', ८,५०० रुपये. दुसरा 'रिसीव्हर गार्ड', ६,००० रुपये, आणि त्यावर लाल लेबल: '१०० वॉटपर्यंत सुरक्षित'. दोन्ही डबे काळ्या एपॉक्सीने काठोकाठ भरलेले. "आतलं डिझाइन माझं स्वतःचं आहे काका, उघडलंत तर वॉरंटी जाईल."

दुपारचे चार वाजले होते. ४० मीटरवर कोणाचं तरी बोलणं चालू होतं, ते त्याने लावलं. स्क्रीनवरचा एस-मीटर, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणारा काटा, पाचवर. मग बूस्टर मध्ये जोडला, बारा व्होल्ट दिले, आणि मीटर नऊवर गेला. "बघा, चार एस-पॉइंट. सहा-सहा डीबीचे धरले तर चोवीस डीबी!" डीबी हे ताकदीच्या पटीचं माप. हिशोब बरोबर होता आणि मीटर माझ्याच टेबलावर होता. पण मी पाहायला हवं होतं ते हे की, बोलणारा श्वास घ्यायला थांबतो तेव्हा मीटर कुठपर्यंत खाली येतो. नंतर मी हाच प्रयोग स्वतः केला. बूस्टर नसताना आवाज पाचवर, मधल्या शांततेत मीटर दोनवर. बूस्टर लावल्यावर आवाज नऊवर आणि शांतता सातवर. म्हणजे आधी तीन पॉइंटचा फरक होता, तो दोनवर आला. आवाज मोठा झाला, पण खरखर त्याहून जास्त वाढली. ऐकू येणं कमीच झालं होतं. शिवाय डबा विकत होता ८० आणि १६० मीटरसाठी आणि दाखवला ४० वर, तोही भरदुपारी. दिवसा वातावरणातला डी थर खालच्या पट्ट्यांचे दूरचे सिग्नल गिळून टाकतो. परीक्षेसाठी हे मी पाठ केलं होतं, तरी त्याला "रात्री या" असं म्हटलं नाही.

गार्डची परीक्षाही तशीच. तो गच्चीवर गेला, लूपजवळ उभा राहून पाच वॉटची व्हीएचएफ वॉकीटॉकी दाबली, आणि खाली रिसीव्हर चालूच राहिला. लूप खालच्या पट्ट्यांसाठी केलेला, वॉकीटॉकी भलत्याच फ्रिक्वेन्सीची. गार्ड नसता तरी बहुधा काही झालं नसतं.

बिल मागितलं तर म्हणाला, "बिल करू की काका, पण अठरा टक्के जीएसटी वाढेल. तुमच्यासारख्यांकडून कशाला?" मी नको म्हणालो. ९,००० यूपीआयने दिले, ५,५०० रोख. यूपीआयवर नाव भलत्याच कोणाचं तरी आलं. "मेहुण्याचं खातं आहे," म्हणाला.

पहिल्या आठवड्यातच १६० मीटरवर १८३६ किलोहर्ट्झला एक विचित्र स्टेशन सापडलं. पुण्याची गाणी आणि त्यांच्यावर मुंबईचं बोलणं, दोन्ही एकाच वेळी. मला वाटलं, बूस्टरमुळे काहीतरी नवीन ऐकू यायला लागलं. खरं तर तिथे स्टेशनच नव्हतं. पुण्याचे ७९२ आणि मुंबईचे १०४४ यांची बेरीज १८३६. ताकदवान मीडियम वेव्ह सिग्नल गाळल्याशिवाय थेट ॲम्प्लिफायरमध्ये गेले की तो घुसमटतो आणि असली मिसळ तयार करतो. ओळखायची खूण सोपी आहे. बूस्टरच्या आधी १० डीबीचा ॲटेन्युएटर, म्हणजे सिग्नल ठरावीक प्रमाणात उतरवणारा भाग, लावा. खरा सिग्नल १० डीबीने उतरतो, असा बेरजेचा सिग्नल २० डीबीने. हे तेव्हा माहीत असतं तर डबा दुसऱ्याच दिवशी काढून टाकला असता.

डिसेंबरमधल्या एका रात्री, साडेदहाच्या सुमारास, ८० मीटरवर पूर्ण १०० वॉटने एका स्टेशनला हाक दिली. पीटीटी सोडली आणि स्क्रीनकडे बघत ऐकायला लागलो, तर सगळा पडदा सपाट. स्टेशन नाही, खरखर नाही, आकाशवाणीसुद्धा नाही. केबल हलवल्या, रिसीव्हर बंद-चालू केला. वास वगैरे काही आला नाही. नुसती शांतता, आणि त्या शांततेनेच कळलं.

फोन केला. "काका, तुमचं अर्थिंग खराब असणार." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तुम्ही जास्त पॉवर दिली असेल." तिसऱ्या दिवसापासून फोन उचलला नाही, आठवड्याने नंबर बंद.

मग डबे उघडले. हॉट एअरने एपॉक्सी मऊ करून ब्लेडने खरवडत दोन संध्याकाळी गेल्या. गार्डमध्ये आत येणाऱ्या सॉकेटपासून बाहेर जाणाऱ्या सॉकेटपर्यंत एक सरळ तार होती. त्या तारेला हरभऱ्याएवढी एक पांढरी गॅस डिस्चार्ज ट्यूब (जास्त व्होल्टेज आलं की पेटून ते अर्थला सोडणारी) सोल्डर केलेली, ९० व्होल्टची. तिचा दुसरा पाय अर्थच्या पट्टीकडे वळवला होता आणि पट्टीच्या दोन मिलिमीटर अलीकडे कापलेला होता. पट्टीवर सोल्डरचा ठिपकाही नाही. कुठे जोडलेला सुटला असं नव्हतं. तो कधी जोडलाच नव्हता.

बूस्टरमध्ये नंबर घासून काढलेल्या आयसीचं छोटं तयार बोर्ड होतं, आणि 'मिक्स ३१ फेराइटचा चोक' म्हणून एक काळी रिंग. चोक म्हणजे गोंगाट अडवणारं वेटोळं, मिक्स ३१ हा फेराइटचा एक प्रकार. नखाने रंग खरवडला तर खाली पिवळा, एका बाजूला पांढरा. ही संगणकाच्या जुन्या पॉवर सप्लायमधली आयर्न पावडरची रिंग. दिसायला रिंगच, पण एलसी मीटरवर (वेटोळ्याचं इंडक्टन्स मोजणाऱ्या) दहा वेढ्यांना नऊ मायक्रोहेन्री. मिक्स ३१ची दोन पूर्णांक चार दशांश इंचाची खरी रिंग दहा वेढ्यांना तीनशेच्या आसपास दाखवते. चोक विकत घेताना एलसी मीटर खिशात ठेवाच, पुण्यातल्या तपकीर गल्लीत कोणताही भला दुकानदार मोजू देतो.

कोथरूडला एक ज्येष्ठ हॅम आहेत, आम्ही त्यांना सरच म्हणतो. उघडलेले डबे घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ट्यूब हातात घेतली आणि म्हणाले, "अहो, हा पाय जोडलेला असता तरी तुमचा रिसीव्हर वाचला नसता." हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून नीट सांगतो.

रिसीव्हरच्या जागी ५० ओहमचा रेझिस्टर लावून सरांनी एक वॉटवर मोजलं. माझ्या दोन अँटेनांमध्ये साधारण २५ डीबीची घट निघाली. १०० वॉट म्हणजे ५० डीबीएम (एक मिलीवॉटच्या तुलनेत मोजलेले डीबी). त्यातून २५ गेले की उरले २५, म्हणजे सुमारे ०.३ वॉट. ५० ओहमवर हे साधारण ४ व्होल्ट, शिखर साडेपाचच्या थोडं वर. अनेक एसडीआर रिसीव्हरची सहनशक्ती १० मिलीवॉटच्या आसपास असते, काहींची त्याहून कमी. माझ्या रिसीव्हरमध्ये तीसपट ताकद शिरत होती. आणि ९० व्होल्टची ट्यूब पेटायला त्या तारेवर ८० वॉटच्या आसपास यायला हवेत! ती ट्यूब विजेच्या आणि साठलेल्या स्टॅटिकच्या झटक्यासाठी असते. त्या कामाला ती चांगलीच आहे, आणि वळवाच्या दिवसांत हवीच. शेजारच्या ट्रान्समिटरपासून ती काही वाचवत नाही. म्हणजे लाल लेबल दोनदा खोटं होतं.

सरांच्या देखरेखीखाली मी आता जो गार्ड केलाय त्यात पहिला एक रिले, म्हणजे विजेने सरकणारा स्विच, आहे. पीटीटी दाबली की रिले लूपला रिसीव्हरपासून तोडतो आणि रिसीव्हरचं तोंड अर्थला शॉर्ट करतो. रिलेला सरकायला काही मिलिसेकंद लागतात, म्हणून ट्रान्समिटरची पॉवर त्यानंतरच सुटेल अशी जोडणी केलीय. ही गोष्ट विसरू नका, त्या काही मिलिसेकंदांतच रिसीव्हर जातो. रिलेनंतर १.८ मेगाहर्ट्झच्या खालचं अडवणारा हाय-पास फिल्टर, आणि त्यानंतर उलटसुलट जोडलेले १एन४१४८ डायोड. ते ०.७ व्होल्टच्या आसपास वाहू लागतात, म्हणजे आत जास्तीत जास्त पाचेक मिलीवॉट जातात. हडपसरमध्ये फिल्टर डायोडच्या आधीच हवा. नाहीतर आकाशवाणीचा सिग्नलच डायोड उघडतो आणि पुन्हा नवी भुतं तयार होतात. लूपकडच्या टोकाला स्टॅटिक हळूहळू निघून जायला एक मोठ्या किमतीचा रेझिस्टर अर्थला. सगळं मिळून सातशे रुपयांच्या आत झालं.

ऐकण्याच्या बाबतीत सरांनी पहिल्या पाच मिनिटांत माझा गैरसमज दूर केला. उसना आणलेला रिसीव्हर लावला, लूप काढून डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी नुसता रेझिस्टर, जोडला, आणि खरखर एकदम पडली. "म्हणजे आवाज बाहेरून येतोय, तुमचा रिसीव्हर बहिरा नाही. मग बूस्टर कशाला?" हा प्रयोग फुकट आहे, आणि कोणताही बूस्टर घेण्याआधी करावाच. नंतर घराचं मेन स्विच बंद करून रिसीव्हर आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवले. ८० मीटरवरची खरखर एस-सातवरून तीनवर आली. मग एकेक एमसीबी चढवत गेलो. गुन्हेगार दोन निघाले: पाण्याच्या फिल्टरचा ॲडॉप्टर आणि गॅलरीतली एलईडी पट्टी. ॲडॉप्टर बदलला, पट्टी काढली. लूपच्या केबलवर मिक्स ३१च्या रिंगचा चोक घातला, म्हणजे केबलच्या बाहेरच्या आवरणावरून घरातला गोंगाट वर चढत नाही. आणि लूप दोरीने फिरवता येईल असा केला. लूपला दोन दिशा बहिऱ्या असतात. त्यातली एक शेजारच्या इमारतीच्या सोलर इन्व्हर्टरकडे केली आणि ज्या स्टेशनसाठी मी १४,५०० रुपये दिले होते ते ऐकू आलं.

पैशांचं म्हणाल तर पोलीस चौकीत अर्ज दिलाय आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. बिल नाही, पण यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज मी पुसले नव्हते, तेच आता कामाला येताहेत. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. मी जाणार आहे. रिसीव्हर दुरुस्त केला, ४,२०० रुपये लागले. ८० मीटरवर ठीक चालतो, १६० वर अजून कमी ऐकतो.

त्या विद्यार्थ्याचा गार्ड परवा माझ्या टेबलावर उघडला. तीच सरळ तार, तीच ट्यूब, पाय त्याच ठिकाणी कापलेला. त्याची लायसन्सची परीक्षा अजून व्हायची आहे, ट्रान्समिटर घेतलेला नाही, म्हणून त्याचा रिसीव्हर शाबूत आहे. येत्या रविवारी तो रिले घेऊन येतोय. दोन्ही कापलेल्या ट्यूब मी एका काडेपेटीत ठेवल्यात. कोणी तुम्हाला तसलाच लाल लेबलचा डबा विकायला आला, तर पैसे देण्याआधी एकदा त्या बघून जा.