वजनाच्या शस्त्रक्रियेआधीची मानसशास्त्रीय तपासणी : पंधरा मिनिटांची आणि दीड तासाची

मुंबई-पुण्यातल्या अनेक बेरिअॅट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या, केंद्रांच्या पॅकेजमध्ये 'सायकॉलॉजिस्ट कन्सल्टेशन' अशी एक ओळ असते. त्या एका ओळीखाली दोन अगदी वेगळ्या सेवा मिळतात. एक म्हणजे पंधरा मिनिटांची भेट आणि 'शस्त्रक्रियेस मानसिकदृष्ट्या योग्य' एवढा शेरा. दुसरी म्हणजे दीड तासाची मुलाखत, प्रश्नावल्या, घरच्यांशी बोलणं आणि सर्जन व आहारतज्ज्ञांना वापरता येईल असा दोन पानांचा अहवाल. पहिलीचे पैसे वाया जातात. दुसरी मिळत असेल तर ती नक्की घ्यावी.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे 80 टक्के भाग काढून टाकतात आणि तो पुन्हा जोडता येत नाही. पण ताण आला की फरसाणाच्या डब्याकडे जाणारा हात तोच राहतो. म्हणून चांगल्या मुलाखतीचा निम्मा वेळ खाण्यावर जातो. 'जास्त खाता का?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : 'नाही हो, दोनच पोळ्या.' ते खरंही असतं. 'काल उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं?' असं विचारलं की बाकीचं बाहेर येतं : चार वेळचा चहा आणि बिस्किटं, मुलांच्या ताटात उरलेलं, रात्री अकराला फ्रीजसमोर उभ्या उभ्या खाल्लेलं. उपवासाचंही विचारायला हवं, कारण दिवसभर कडक उपास आणि रात्री ताबा सुटणं ही जोडी वारंवार दिसते. येता-जाता थोडंथोडं खाण्याची सवय तर शस्त्रक्रियेनंतर अनेकदा डोकं वर काढते. लहान झालेल्या पोटातूनही आइस्क्रीम आणि बासुंदी सहज उतरते.

ताबा सुटून खाण्यासाठी 16 प्रश्नांची बिंज ईटिंग स्केल वापरतात. कमाल गुण 46. 18 पासून लक्ष द्यावं लागतं आणि 27 पासून त्रास गंभीर मानतात. गडबड होते ती भाषांतरात. 'बिंज'चं 'भरपूर खाणं' केलं की लग्नाच्या पंगतीत जेवलेला प्रत्येक माणूस रुग्ण ठरतो. कळीचा मुद्दा आहे थांबता न येण्याचा, भूक नसताना खाण्याचा, लपून खाण्याचा आणि नंतरच्या अपराधी वाटण्याचा. कागद हातात देऊन मोकळं होणाऱ्या केंद्रापेक्षा प्रश्न समजावून विचारणारं केंद्र कितीतरी बरं.

नैराश्यासाठी पीएचक्यू-9 ही प्रश्नावली असते : नऊ प्रश्न, कमाल 27 गुण, 10 पासून मध्यम नैराश्याची शंका. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. हा कागद बाहेरच्या बाकावर, शेजारी नवरा किंवा सासूबाई बसलेल्या असताना भरायला दिला, तर तिथे शून्यावरच खूण होते. म्हणून मुलाखतीचा पहिला भाग एकट्याशी हवा, यात तडजोड नको. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर स्वतःला इजा केल्यामुळे तातडीने रुग्णालयात येण्याचं प्रमाण आधीपेक्षा वाढलेलं आढळलं होतं.

दारूबद्दल ऑडिट ही 10 प्रश्नांची चाचणी असते. इथे 8 पासून सावध व्हायचं. बायपासनंतर (इथे हृदयाचा नव्हे, जठराचा : लहान केलेलं जठर थेट पुढच्या आतड्याला जोडतात) दारू रक्तात लवकर पोचते आणि तिची पातळी जास्त चढते. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत दारूच्या समस्येतली वाढ दुसऱ्या वर्षी दिसली, पहिल्या नव्हे. त्यामुळे 'सध्या बंद आहे' एवढ्यावर विषय संपवणारी तपासणी कच्ची समजावी.

सर्वांत जास्त चुकतं ते मनाच्या आजारांवर चालू असलेल्या औषधांच्या बाबतीत. बायपासनंतर सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या नीट शोषल्या न जाण्याची शक्यता असते. लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध चालू असेल तर शरीरात पाणी कमी पडल्यामुळे त्याची रक्तातली पातळी धोक्याच्या वर जाऊ शकते. कोणती गोळी कोणत्या स्वरूपात द्यायची आणि रक्ततपासणी कधी करायची, हे मानसोपचारतज्ज्ञाने शस्त्रक्रियेआधी लिहून द्यायला हवं. अहवालात ही ओळ नसेल तर मागून घ्यावी.

घरच्यांशी बोलणंही केवळ नावापुरतं नसावं. स्वयंपाक कोण करतं, सणाला 'एक तरी पुरणपोळी घेच' असा आग्रह कोण करतं, एक वाटी जेवण वीस-तीस मिनिटं चावून खाणाऱ्या माणसासाठी कोण थांबेल, हे त्यातूनच कळतं.

निकाल साधारण तीन प्रकारचे असतात : पुढे जा, काही आठवडे उपचार घेऊन या, आणि क्वचित सध्या नको. आपण नापास होऊ या धास्तीने लोक खरं सांगत नाहीत, ही या सेवेची मोठी कमजोरी आहे. पुढे ढकलणं म्हणजे नकार नव्हे, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगणारा तज्ज्ञ जास्त खरं ऐकतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ठेवलेली भेट मात्र कुचकामी, कारण काही सापडलं तरी उपचाराला वेळच उरत नाही. किमान चार ते सहा आठवडे आधीची तारीख मागावी.

तपासणारी व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली आहे का, हे नोंदणी क्रमांकासकट विचारावं. शिवाय शुल्कात नंतरच्या भेटी आहेत का, तेही विचारावं : तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि दुसऱ्या वर्षीही. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं, जुनी प्रिस्क्रिप्शनं आणि आठवडाभराच्या खाण्याची वही सोबत न्यावी. वहीत वेळ लिहिलेली असावी आणि रात्रीचं खाणं वगळलेलं नसावं.