पोल्स की अडोफो-मेन्सा: नव्या जीएमला पारखायचं कशावर?

संघाने नवा जनरल मॅनेजर (जीएम, म्हणजे खेळाडू आणि करार ठरवणारा प्रमुख) नेमला की चाहत्याला लवकरच बाजू घ्यावी लागते. याच्या पाठीशी उभं राहायचं, की पहिल्या दोन ट्रेडनंतरच ‘हाकला याला’ म्हणायचं? अमेरिकन फुटबॉलमध्ये हे ताडून पाहायला जानेवारी २०२२ इतकं सोयीचं उदाहरण दुसरं नाही. २५ तारखेला शिकागो बेअर्सने रायन पोल्सला नेमलं आणि दुसऱ्याच दिवशी मिनेसोटा वायकिंग्जने क्वेसी अडोफो-मेन्साला. दोन्ही संघ एनएफएल या लीगच्या एनएफसी नॉर्थ विभागातले, म्हणजे वर्षातून दोनदा समोरासमोर येणारे. दोघांचीही जीएम म्हणून पहिलीच खेप. पोल्स तर वायकिंग्जच्याही अंतिम यादीत होता, त्यामुळे ही तुलना उलटीही होऊ शकली असती.

घडण मात्र अगदी वेगळी. पोल्स बॉस्टन कॉलेजचा माजी ऑफेन्सिव्ह लाइनमन. कॅन्सस सिटी चीफ्समध्ये खेळाडू हेरत हेरत तो वर चढला. अडोफो-मेन्साने प्रिन्स्टनला अर्थशास्त्र शिकून वॉल स्ट्रीटवर कमॉडिटी ट्रेडिंग केलं आणि मग फोर्टीनाइनर्सच्या संशोधन विभागातून, ब्राउन्समार्गे तो इथवर आला. ‘आकडेवाला विरुद्ध मैदानवाला’ असा वाद तेव्हा रंगला होता. तो मी बाजूला ठेवतो. पुढे जे घडलं, त्यातलं फारच थोडं त्या फरकातून आलं.

आयपीएल पाहून वाढलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायची: इथे ठरावीक वर्षांनी येणारा मेगा लिलाव नाही, की पाटी पुसून नव्याने मांडणी करता येईल. आधीच्या जीएमने केलेले करार नव्याच्या डोक्यावर बसतात. पोल्सने आल्या आल्या खलील मॅकला चार्जर्सकडे पाठवलं, तरी मॅकचे सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर त्या वर्षीच्या बेअर्सच्या सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या वार्षिक पगार-मर्यादेत) मोजले गेलेच. खेळाडू दुसऱ्याचा आणि खर्च आपल्या खात्यावर. म्हणून पहिल्या वर्षीचा संघ पाहून नव्या जीएमला गुण देणं म्हणजे बऱ्याच अंशी जुन्या जीएमची उत्तरपत्रिका तपासणं.

चाहत्यांनी अर्थातच तेच केलं. मीही त्यातलाच.

२०२२ मध्ये अडोफो-मेन्साने ‘कॉम्पिटिटिव्ह रीबिल्ड’ हा शब्द आणला: जिंकत राहायचं आणि चालता चालता संघही बदलायचा. क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) कर्क कझिन्सचा करार त्याने वाढवला, केव्हिन ओकॉनेलला हेड कोच केलं आणि मोसमाच्या मध्यावर लायन्सकडून टाइट एंड टी. जे. हॉकेन्सन आणला. वायकिंग्ज १३-४ (१३ विजय, ४ पराभव). कोल्ट्सविरुद्ध ०-३३ अशा पिछाडीवरून ३९-३६ ने सामना काढला, जी एनएफएलमधली आजवरची सर्वांत मोठी पिछाडी भरून काढणं ठरली. तेव्हा कोणी सांगितलं असतं की या संघाने मोसमभरात ४२४ गुण केले आणि ४२७ दिले, तर त्याला गप्प बसवलं असतं. एका स्कोअरच्या आत (आठ किंवा कमी गुणांच्या फरकाने) संपलेले अकराच्या अकरा सामने वायकिंग्जने जिंकले होते. अशी सरासरी टिकत नसते. प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात जायंट्सनी त्यांना घरच्या मैदानावर हरवलं.

पोल्सने संघ मोडायलाच काढला. मॅक गेला, मग रॉबर्ट क्विन, मग संघाचा सर्वांत चांगला लाइनबॅकर रोक्वान स्मिथ. बेअर्स ३-१४, शेवटचे दहा सामने सलग हरले. त्यातला शेवटचा ८ जानेवारी २०२३ ला वायकिंग्जविरुद्धच, १३-२९. त्याच दिवशी ह्यूस्टनने कोल्ट्सना एका गुणाने हरवलं आणि ड्राफ्टचा (नवख्या खेळाडूंच्या निवडीचा, जिथे सर्वांत कमी जिंकणारा संघ आधी निवडतो) पहिला क्रमांक शिकागोच्या पदरात पडला. ह्यूस्टनचा कोच होता लव्ही स्मिथ, बेअर्सचाच जुना कोच! त्या संध्याकाळी दोन्ही शहरांत चाहते खूश होते, एकीकडे जिंकलो म्हणून आणि दुसरीकडे हरलो म्हणून.

आता चुका. इथे दोघेही सारखेच उघडे पडतात.

पोल्सची सर्वांत वाईट खरेदी म्हणजे रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) चेस क्लेपूल. स्टीलर्सला ड्राफ्टमधला दुसऱ्या फेरीचा पिक (निवडीचा हक्क) दिला. बेअर्स हरत गेले तसा तो पिक वर सरकत ३२ व्या क्रमांकावर आला. स्टीलर्सनी त्यावर कॉर्नरबॅक जोई पोर्टर ज्युनियर घेतला. क्लेपूलने बेअर्ससाठी एकूण १८ झेल आणि १९१ यार्ड केले आणि वर्षाच्या आत तो मायामीला गेला. अडोफो-मेन्साचा घाव पहिल्याच ड्राफ्टमधला. बाराव्या क्रमांकावरून तो ३२ वर खाली आला आणि तेही विभागातल्याच लायन्सशी सौदा करून, ज्यांनी तिथे जेमसन विल्यम्स घेतला. मग त्याच सौद्यात मिळालेला ३४ वा पिक थेट विभागातल्याच पॅकर्सना, ज्यांनी ख्रिश्चन वॉटसन उचलला. स्वतः घेतलेला लुइस सीन त्याच ऑक्टोबरमध्ये लंडनच्या सामन्यात पाय मोडून बसला आणि २०२४ मध्ये संघाबाहेर झाला. पायाचं दुर्दैव जीएमच्या माथी मारता येत नाही. शेजाऱ्यांना रिसीव्हर पुरवण्याची जबाबदारी मात्र त्याचीच. पिकचं मोल मांडणाऱ्या तक्त्यावर तो सौदा वाजवी दिसतही असेल, पण रविवारी समोर उभा राहतो तो तक्ता नसतो.

तरीही अशा चुकांवरून जीएम ठरवू नका. प्रत्येकाच्या खात्यात एखादा क्लेपूल आणि एखादा सीन असतोच. ठरवायचं ते क्वार्टरबॅकवरून, कारण तिथे चूक झाली की इतर वीस बरोबर निर्णय वाया जातात.

मार्च २०२३ मध्ये पोल्सने पहिला पिक कॅरोलिना पँथर्सना दिला. बदल्यात नववा आणि ६१ वा पिक, २०२४ चा पहिल्या फेरीचा, २०२५ चा दुसऱ्या फेरीचा आणि रिसीव्हर डी. जे. मूर. कॅरोलिनाने क्वार्टरबॅक ब्राइस यंग घेतला आणि पुढच्या मोसमात ते २-१५ झाले. म्हणजे दुसऱ्याच्या पराभवातून बेअर्सना पुन्हा पहिला क्रमांक मिळाला आणि त्यावर आला क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स. आधीचा क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्सला पोल्सने सहाव्या फेरीच्या, तोही अटींवर बेतलेल्या, पिकवर सोडलं. नववा पिक एकाने खाली सरकवून टॅकल डार्नेल राइट घेतला. कॅरोलिनाचा २०२५ चा पिक लूथर बर्डन झाला. एका सौद्यातून इतकं पीक क्वचित येतं.

पण यातलं कर्तृत्व किती आणि नशीब किती? कॅरोलिना सहा सामने जास्त जिंकली असती, तर पहिला क्रमांक आलाच नसता. आणि २०२३ च्या त्याच ड्राफ्टमध्ये क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड होता. ह्यूस्टनने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि तो लगेच ऑफेन्सिव्ह रूकी ऑफ द इयर ठरला. पोल्सने त्याला हातचा जाऊ दिला. पहिल्या तीन मोसमांत पोल्सची बेरीज १५-३६ होती. त्याने नेमलेल्या मॅट एबरफ्लूसला नोव्हेंबर २०२४ मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, काढावं लागलं. भर मोसमात हेड कोचला हाकलण्याची ही बेअर्सच्या इतिहासातली पहिलीच वेळ. त्या दिवशी शिकागोत पोल्सची बाजू घेणारा शोधावा लागला असता.

अडोफो-मेन्सा त्याच तीन मोसमांत ३४-१७. २०२४ मध्ये कझिन्स १८ कोटी डॉलरच्या करारावर अटलांटाला गेला. वायकिंग्जने सॅम डार्नल्ड एका वर्षासाठी १ कोटीत घेतला आणि दहाव्या क्रमांकावर जे. जे. मॅकार्थी निवडला. मॅकार्थीचा गुडघा ऑगस्टमध्येच गेला, डार्नल्डने १४-३ करून दाखवलं. माझ्या मते त्या वर्षीची लीगमधली सर्वांत स्वस्त आणि हुशार खरेदी तीच. मग तोच डार्नल्ड हातातून सुटला: सिएटलने त्याला तीन वर्षांसाठी १० कोटी ५ लाख डॉलर दिले. रॅम्सविरुद्धच्या ९-२७ अशा प्लेऑफ पराभवानंतर त्याला जाऊ देणं त्या क्षणी वेडेपणाचं वाटत नव्हतं, हे मान्य. पण क्वार्टरबॅकच्या जागी त्यानंतर उरलं काय, तर एकही अधिकृत सामना न खेळलेला, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला मुलगा, मॅकार्थी. २०२५ मध्ये तो दुखापतींमुळे आत-बाहेर होत राहिला, संघ ९-८ वर अडकला आणि ३० जानेवारी २०२६ ला अडोफो-मेन्साला काढलं. पुढच्याच आठवड्यात डार्नल्डने सिएटलसोबत सुपर बोल जिंकला.

त्याच मोसमात बेअर्सने नवा कोच बेन जॉन्सन, चीफ्सकडून आणलेला जो थुनी, सेंटर ड्रू डॅलमन आणि गार्ड जोना जॅक्सन यांच्या जोरावर ११-६ केलं, विभाग जिंकला आणि प्लेऑफमध्ये पॅकर्सना ३१-२७ ने हरवलं. गंमत अशी की २०२५ च्या उन्हाळ्यात दोघांचेही करार वाढवून मिळाले होते. १५-३६ वाल्याचा आणि ३४-१७ वाल्याचा.

दोघांपैकी एक निवडायचा झाला तर मी पोल्स निवडेन, पण एका अटीवर: मालक थांबायला तयार हवा. बेअर्सचं मालक मॅककॅस्की कुटुंब थांबलं. तुमचा मालक दोन वर्षांत कोच आणि जीएम दोघांनाही बदलणारा असेल, तर मोडून बांधणाऱ्या माणसाचा उपयोग नाही. तो तोडफोड करेल आणि त्याने साठवलेले पिक पुढचा माणूस वापरेल. तसल्या मालकाखाली अडोफो-मेन्साची पद्धत बरी, निदान रविवार तरी चांगले जातात.

एखाद्याचा संघ आधीच प्लेऑफच्या उंबरठ्यावर असेल, बचाव तरुण असेल आणि क्वार्टरबॅक तिशीच्या आतला असेल, त्यालाही पोल्सची वाट मी सांगणार नाही. बेअर्सकडे २०२२ मध्ये मोडण्यासारखं होतं म्हणून मोडणं शहाणपणाचं ठरलं.

बाकी ड्राफ्टच्या दुसऱ्या सकाळी वाटले जाणारे ‘ए’ आणि ‘डी’ खुशाल वाचा, मजा येते. पण नव्या जीएमच्या पहिल्या वर्षी त्याने कोणाला घेतलं यापेक्षा पुढच्या दोन वर्षांचे पहिल्या आणि दुसऱ्या फेरीचे किती पिक हातात राखले आणि क्वार्टरबॅक जखमी झाला तर दुसरा कोण आहे, एवढं आधी बघा. क्लेपूलच्या वेळी पहिला प्रश्न विचारला असता आणि डार्नल्ड गेला तेव्हा दुसरा, तर दोन्ही शहरांतल्या चाहत्यांना उत्तर वर्षभर आधीच कळलं असतं.