पाच गार्नेटचं पेंडंट, दहा महिने वापरून : मधला खडा काळा का दिसायला लागला

दसऱ्याला घेतलेल्या या पेंडंटबद्दल दिवाळीतच लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. आज लिहायला बसले ती मधल्या खड्यामुळे.

चांदीत पाच खडे, पाचही गार्नेट. मधोमध नऊ बाय सात मिलिमीटरचा लाल अल्मंडाइन, घुमटासारखा गुळगुळीत, पैलू नसलेला. भोवती चार लहान : जांभळट गुलाबी रोडोलाइट, नारिंगी स्पेसार्टाइन, मधाच्या रंगाचा गोमेद आणि हिरवा त्सावोराइट. किंमत ११,४०० रुपये. दोन वर्षं भिशी लावून जमवलेले पैसे, त्यामुळे प्रत्येक खड्याचा हिशेब मी मागणारच.

आईचा पहिला प्रश्न, हे सगळं एकच रत्न कसं? गार्नेट म्हणजे डाळिंबाचा दाणा, लॅटिनमधलं मूळ नावही डाळिंबावरूनच आलंय. पण गार्नेट हे एक कुटुंब आहे. स्फटिकाचा सांगाडा तोच, आत बसणारे धातू वेगळे. लोह असलं की अल्मंडाइनचा गडद लाल, त्यात मॅग्नेशियम मिसळलं की रोडोलाइट, मँगनीज असलं की स्पेसार्टाइनचा नारिंगी. मला सगळ्यात नवल वाटलं ते हे की गोमेद आणि त्सावोराइट सख्खी भावंडं आहेत. दोन्ही कॅल्शियमवाले ग्रॉस्युलर. शुद्ध ग्रॉस्युलरला रंगच नसतो. व्हॅनेडियम किंवा क्रोमियमचा अंश आला की हिरवा, लोहाचा आला की मधाळ. आत्या मात्र गोमेद बघून गप्प झाली. राहूचा खडा, पत्रिका न दाखवता घालू नये, असं तिचं म्हणणं. तिला सांगितलं, आत्या, मी तो रंगासाठी घेतलाय. तिने ते ऐकून घेतलं, पटलं नसावं.

तर मधला खडा. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली तो वाइनसारखा लाल दिसत होता. ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली तपकिरी. फेब्रुवारीपर्यंत लोकलच्या खिडकीत, भर उन्हातसुद्धा, काळा. पांढऱ्या कुर्त्यावर शर्टाचं बटण लावल्यासारखा दिसायचा. साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुतला, फरक नाही. पावसाळ्यात तर कडेने एक करडी रेघ दिसायला लागली.

दुकानात तीन वेळा गेले. पहिल्यांदा ‘पॉलिश करून देतो’, आठवड्याने तसाच परत. दुसऱ्यांदा ‘मॅडम, गार्नेट असंच असतं, डार्क म्हणजे ओरिजिनल.’ तिसऱ्यांदा मी मागची बंद पट्टी उघडायला सांगितली, तर ‘खडा फुटला तर आमची जबाबदारी नाही.’ ज्यांनी बसवला त्यांनीच हे म्हणावं याचा मला आजही राग आहे. बिलावर ‘गार्नेट, ५ नग’ एवढंच. कुठला प्रकार, वजन किती, काही नाही. घेताना मी ते लिहून मागायला हवं होतं, तुम्ही मागाच.

शेवटी ऑफिस सुटल्यावर झवेरी बाजारात गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत एक बंगाली कारागीर खड्यांचंच काम करतो. त्याने भिंग लावलं, कडेची चांदी सुईने उचलली आणि मिनिटभरात खडा माझ्या तळहातावर ठेवला. ‘दीदी, पत्थर अच्छा है। पीछे का डांक काला पड़ गया।’

डांक म्हणजे खड्यामागे ठेवलेला चांदीचा पातळ पत्रा. गडद खड्यातून आत गेलेला उजेड परत फेकायला तो असतो. घाम आणि दमट हवा आत शिरली, पत्रा काळवंडला, खडा त्याच्यावर बसून काळा. आणि खडा उलटा केला तर मागून वाटीसारखा पोखरलेला! गडद अल्मंडाइन पातळ करून त्यातून उजेड काढायची ही फार जुनी पद्धत. खडा घासणाऱ्याने एवढी मेहनत घेतली, आणि बसवणाऱ्याने मागून दार बंद करून टाकलं.

मार्चमध्ये मी मैत्रिणीला सांगितलं होतं, अल्मंडाइन घेऊ नकोस. ते शब्द मागे घेते. खड्यात खोट नव्हती, कोंदणात होती.

सुटा खडा एक रात्र घरी आणला. काच तर नाही ना, ही शंका मनातून जात नव्हती. थर्माकोलच्या चकतीवर खडा ठेवून ती पातेल्यातल्या पाण्यावर सोडली आणि निओडिमियमचं छोटं चुंबक खड्याजवळ, पण न टेकवता धरलं. क्षणभर काही नाही. मग चकती हलली आणि चुंबकामागे हळूहळू सरकायला लागली. लोहामुळे. साधी लाल काच अशी येत नाही, माणिकही येत नाही. आईने चुंबक माझ्या हातून घेऊन स्वतः चार वेळा करून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कारागिराने मागून उघडं कोंदण करून दिलं, ६५० रुपये. आता ट्यूबलाइटखालीही लाल दिसतो, आणि मान वळवली की गळ्यावर लाल ठिपका पडतो.

बाकीच्यांचं थोडक्यात. स्पेसार्टाइन दहा महिने जसाच्या तसा झळझळीत. रोडोलाइटवर ओरखडा नाही. त्सावोराइट तीन मिलिमीटरचाच, म्हणून आधी कुरकुरले होते. केनिया आणि टांझानियातला हा खडा १९७४ मध्ये बाजारात नावारूपाला आला आणि दोन कॅरटच्या वरचा क्वचितच मिळतो, हे कळल्यावर ती तक्रार संपली. गोमेद भिंगाखाली जरूर बघा, काकवीत पाणी ओतल्यावर उठतात तशा लहरी आत दिसतात.

त्या गोमेदाचं कोंदणही मागून बंदच आहे. अजून पत्रा चकचकीत आहे, पण मला वाट बघायची नाही. कारागीर म्हणाला, गणपतीनंतर या.