गोल्फमध्ये स्ट्रोक प्ले की स्टेबलफोर्ड?
बडोद्यात लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या मैदानावर रविवारची स्पर्धा ठेवायची, तर आमचं मत स्टेबलफोर्डला, म्हणजे गुणांच्या पद्धतीला. क्लबचा विजेता ठरवायचा असेल तेव्हा स्ट्रोक प्लेच हवा. त्यात प्रत्येक फटका मोजतात. पार ४ च्या होलवर, म्हणजे ४ फटक्यांत चेंडू खळग्यात जाणं अपेक्षित असतं तिथे, ९ झाले, की ते ५ जादा फटके शेवटपर्यंत मानगुटीवर.

इंग्लंडमधल्या वॉलसीच्या डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांची १९३२ मधली पद्धत नवख्यांना सांभाळून घेते. बोगीला (पारपेक्षा एक फटका जास्त) १ गुण, पारला २, बर्डीला (एक फटका कमी) ३. डबल बोगी (दोन फटके जास्त) झाली की शून्य. चेंडू उचला, पुढे चला. मागचे खेळाडू खोळंबत नाहीत.

गफलत होते ती हँडिकॅपची, म्हणजे खेळाडूला कुवतीनुसार मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीची: तो शेवटी एकूण गुणांत मिळवायचा नसतो. १८ होलना हँडिकॅप १२ असेल, तर स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रम, १ सर्वांत अवघड) १ ते १२ च्या होलवर एकेक फटका वजा करून मगच गुण मांडायचे.