पोकळ प्लास्टिक वेव्हगाईड: सीओटू लेझरसाठी कसा आहे

सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरचा प्रकाश 10.6 मायक्रॉन तरंगलांबीचा, आणि साधा काचेचा फायबर तो शोषून घेतो, म्हणजे या लेझरला असा फायबर चालतच नाही, म्हणून हा पोकळ पॉलिकार्बोनेटचा (एक प्लास्टिक) वेव्हगाईड, म्हणजे प्रकाश वाहून नेणारी नळी, घेतला, आतून चांदी आणि त्यावर सिल्व्हर आयोडाईडचा पातळ थर, प्रकाश मधल्या हवेतूनच जातो. लवचिकपणा एकदम मस्त, काचेच्या नळीसारखी तुटायची धाकधूक नाही. पण वाकवला की लॉस (वाटेत वाया जाणारा प्रकाश) वाढतो, वळण जितकं घट्ट तितका जास्त, आणि फार बारीक बोअरचा (आतल्या पोकळीच्या व्यासाचा) घेऊ नका, बोअर निम्मा केला तर सरळ ठेवूनही लॉस साधारण 8 पट होतो! जास्त पॉवरला मात्र नकोच, प्लास्टिक तापून मऊ पडतं. सेन्सिंग आणि कमी पॉवरच्या कामाला मी परत हाच घेईन, फक्त नळीच्या तोंडातून आत धूळ जाऊ देऊ नका.