आजी-आजोबा, नातवंडं आणि मधला टॅब्लेट: काही महिन्यांच्या वापरानंतर

दोन्ही घरांत दहा इंची टॅब्लेट, जड बुडाचा स्टँड आणि व्हिडिओ कॉलखेरीज टॅब्लेटवर काहीही नाही, एवढीच मांडणी. पलीकडे आजी-आजोबा, अलीकडे दीड ते चार वर्षांची मुलं. रोजच्या वापरानंतरचं आमचं मत असं की टॅब्लेट कोणत्या कंपनीचा, याने फारसा फरक पडत नाही. तो कुठे ठेवला, आवाज कसा जुळवला आणि मुलाला करायला काय दिलं, यावर कॉल रंगतो किंवा फसतो.

फोनपेक्षा हे का बरं, तर फोन कुणीतरी हातात धरावा लागतो आणि मुलाच्या मागे फिरवावा लागतो. आजीला मग छत, पंखा आणि कपाळच दिसत राहतं. स्टँड हलत नाही. मूल उठून जातं, खेळणं घेऊन परत येतं आणि आजी जागच्या जागी असते. दोन वर्षांच्या मुलाला हे फार लवकर कळतं.

स्टँड टेबलावर नको. फरशीवर बसलेल्या मुलाचे डोळे जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर असतात, तेव्हा कॅमेरा त्याच उंचीवर हवा. खिडकी टॅब्लेटच्या मागे असावी, मुलाच्या पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा दिसतो. बऱ्याच टॅब्लेटचा कॅमेरा आखूड बाजूला असतो. असा टॅब्लेट आडवा ठेवला की आजी चित्राकडे बघते आणि मुलाला ती भलतीकडेच बघतेय असं वाटतं. नवा घेणार असाल तर लांब बाजूला कॅमेरा असलेला घ्या. आहे तोच वापरायचा तर उभा ठेवा. स्वतःच्या चित्राची छोटी खिडकी लपवता येत असेल तर नक्की लपवा. ती दिसली की मूल आजीला सोडून स्वतःलाच वेडावत बसतं. चेहऱ्यावर कान-मिशा चढवणारे फिल्टरही बंदच ठेवा, एकदा लागले की मूल दुसरं काही मागत नाही.

सगळ्यात जास्त घोळ आवाजाचा. चित्र थोडं धूसर असलं तरी चालतं, आवाज तुटला की मूल उठून जातं. कॉलची ॲप माणसाचं बोलणं सोडून बाकीचं गोंगाट समजून दाबतात, त्यामुळे खुळखुळा, टाळ्या, गुणगुणणं हे सगळं पलीकडे पोचतच नाही. सेटिंगमध्ये गोंगाट कमी करण्याची पातळी सर्वांत खालची ठेवा. झूममध्ये मूळ आवाज तसाच पाठवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. दोघं एकदम बोलले तर एकाचा आवाज कापला जातो. प्रतिध्वनी टाळण्यासाठी ॲपच तसं करतं, त्यात बिघाड काही नाही.

एकत्र गाणं मात्र जमत नाही, त्याचा नाद सोडा. आवाज एका बाजूने दुसरीकडे पोचायला लागणारा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा अशी दूरसंचाराची जुनी शिफारस आहे. बोलण्याला तेवढा उशीर खपतो, तालाला खपत नाही, आणि लांबच्या देशांत तो याहून सहज जास्त होतो. त्यावर तोडगा एकच: आजीने ओळ म्हणायची, शेवटचा शब्द मुलासाठी सोडायचा आणि थांबायचं. दोन-तीन सेकंद खरोखर गप्प राहावं लागतं, कारण उशीर आणि मुलाचा विचार हे दोन्ही त्यात बसतात. आजोबा श्रवणयंत्र लावत असतील तर ब्लूटूथ स्पीकर जोडू नका, त्याने उशीर आणखी वाढतो. तारेचा स्पीकर घ्या. एकाच खोलीत दोन उपकरणं एकाच कॉलवर आली की किंकाळीसारखा आवाज सुरू होतो, दुसऱ्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करा.

“काय केलंस आज?” या प्रश्नाला तीन वर्षांचं मूल उत्तर देत नाही आणि आजी हिरमुसते. त्यापेक्षा दोन्हीकडे एकच वस्तू ठेवा. एकाच चित्रपुस्तकाच्या दोन प्रती सगळ्यात उत्तम: आजी वाचते, पान मूल उलटतं. इथे एक अडचण हमखास येते. आजीला स्वतःच्या खिडकीत अक्षरं उलटी दिसतात, म्हणून ती पुस्तक फिरवून धरायला बघते. समोरच्याला ती सुलटीच दिसत असतात, एवढं आधी सांगून ठेवा. ठोकळे, मोठे मणी, कागद आणि रंगही चालतात. दीड वर्षाच्या मुलाला पाच-सात मिनिटं पुरेत, चार वर्षांचं मूल वीस मिनिटं सहज रमतं. मूल उठलं की ओढून आणू नका. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१६ साली १८ महिन्यांखालच्या मुलांना पडदा टाळा असं सांगताना व्हिडिओ कॉल तेवढा वगळला होता. समोरचं माणूस मुलाला प्रतिसाद देतं, कार्टून देत नाही. म्हणूनच या टॅब्लेटवर व्हिडिओची ॲप अजिबात टाकू नका, नाहीतर कॉल संपला की कार्टूनसाठी रडारड ठरलेली.

मुलाचं बोट लागून कॉल तोडणाऱ्या लाल बटणाचा त्रास सगळीकडे आहे. आयपॅडवर ‘गाइडेड ॲक्सेस’ (एकाच ॲपवर अडकवून ठेवणारी सोय) सेटिंगमधून चालू करून वरचं किंवा होम बटण तीनदा दाबलं की पडद्याचा हवा तो भाग बोटाने गोल काढून निकामी करता येतो. फोन ठेवायचं बटण त्यात घ्या. अँड्रॉइडवर ॲप पिन करता येतं, म्हणजे तेवढंच ॲप पडद्यावर अडकवता येतं, पण फोन ठेवायचं बटण चालूच राहतं.

नेटबद्दल थोडक्यात. डाउनलोड कितीही असो, आधी अपलोड तपासा. त्याच वेळी कुणाच्या फोनवरून फोटोंचा बॅकअप चालू असेल तर चित्र गोठतं. राउटर भिंतीपलीकडे असेल तर वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडा, त्याच खोलीत असेल तर ५ चा. तरीही अडखळलं तर एका बाजूने कॅमेरा मिनिटभर बंद करावा, आवाज लगेच सुधारतो.

सतत चार्जरला लावलेल्या टॅब्लेटची बॅटरी फुगू शकते. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असेल तर वापरा, नसेल तर टायमरचं सॉकेट लावा. मागचं कव्हर किंवा पडदा किंचित उचललेला दिसला तर टॅब्लेट लगेच बंद करून बाजूला काढा.

व्हॉट्सॲप टॅब्लेटवर जोडलेलं असेल तर मूळ फोन १४ दिवसांहून जास्त वापरला नाही की ते आपोआप लॉगआउट होतं. आजोबांचा जुना फोन कपाटात पडून असेल तर नेमकं हेच होतं आणि “टॅब्लेट बिघडला” असा निरोप येतो. आठवड्यातून एकदा तो फोन चालू करून व्हॉट्सॲप उघडायला सांगा. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणंही बंद करा, जागा भरली की ॲप अडकतं.

परदेशातल्या घरांनी घड्याळाकडे लक्ष ठेवावं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं, युरोपात शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत अमेरिका आणि युरोप यांच्यातली ठरलेली वेळ तासाने चुकते आणि मुलाच्या झोपेच्या वेळेला कॉल येतो. ते आठवडे आधीच कॅलेंडरवर लिहून दोन्ही घरांत लावा. वेळ जुळणारच नसेल त्या दिवशी आजीने मुलाचं नाव घेऊन बोललेला मिनिटभराचा व्हिडिओ पाठवावा, मूल तो पुन्हा पुन्हा बघतं.