श्रावणात ताटात काय: बटाट्याचे काप की सुकी भाजी?

गोव्यात श्रावणी सोमवारी मासळी नसते, तेव्हा वरणभाताशेजारी मान कापांचाच. बटाट्याच्या अर्धा सेंटीमीटर चकत्या, त्यांना मीठ, हळद, तिखट, हिंग आणि थोडं आगळ (कोकमाचा खारवलेला रस). मीठ लागलं की पाणी सुटतं, म्हणून दहा मिनिटांतच रव्यात घोळवून तव्यावर टाका. आच मंद ठेवा, नाहीतर रवा करपतो आणि बटाटा कच्चा राहतो. झाकण मात्र नको, वाफेने कुरकुरीतपणा जातो.

सुकी भाजी सोपी: उकडलेला बटाटा, मोहरी, कढीपत्ता, मिरची, वर ओलं खोबरं. पावाबरोबर नाश्त्याला तीच बरी, डब्यातही टिकते. काप गार झाले की संपलं! पाहुणे जास्त असतील तर भाजीच करा.